सोडून गेलेल्या बाईची जागा

प्रिय दादा,

तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकले, आणि आज या वृद्धाश्रमात सेविकांची प्रमुख आहे. हे पत्र तुला पाठवणार नाही. आमची धाकटी साहेब झाली, असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस.

रद्दीतून तू आणलेलं जुन्या ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांचं ते पुस्तक मी फार मनावर घेतलं. जे आपल्या हातात नाही त्याबद्दल कुरकुर करायची नाही, आणि प्रमुखानं सर्वांत जड काम आधी उचलायचं. एक सेविका सोडून गेली, तेव्हा तिच्या वाट्याची आजारी माणसं मीच उचलू लागले. मालक खूश झाले. त्यांनी दुसरी बाई ठेवलीच नाही.

काल एका आजींना उचलताना आमच्या जुन्या सेविकेची, मावशींची, पाठ धरली.

"मावशी, मला आधी सांगायचं ना!"

"तुम्हाला काय सांगायचं, बाई? आम्ही आणखी माणूस मागायला गेलो की मालक तुमच्याकडे बोट दाखवतात. म्हणतात, ती बघा, एवढी शिकलेली, पण तोंडातून ब्र काढत नाही."

दादा, मालक काय म्हणतील, नोकरी राहील का, हे माझ्या हातात नाही. माणूस मागणं मात्र होतं, आणि तेच मी केलं नाही.

आत्ता मालकांच्या खोलीबाहेर बाकावर बसले आहे. नोकरी गेली तर तुला काय तोंड दाखवू, इथेच पाय अडतो. आतला माणूस बाहेर आला की जाईन, असं म्हणता म्हणता दोघं येऊन गेले.

आता तिसरा बाहेर येतोय.

तुझी,
धाकटी