सातव्या धड्याचा शेवट

ता. ४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी पाठ कशी आहे? शिवणाच्या मशीनवर वाकून बसू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तू नक्कीच वाकून बसत असशील.

यंदा मी शिकवते त्या नववीला भाषेचं नवं पुस्तक आलंय. सातवा धडा एक कथा आहे. डोंगरातली अकरा वर्षांची आदिवासी मुलगी धाकट्या भावाला घेऊन खाली वसतिगृहात शिकायला येते. लेखक अशाच एका वसतिगृहाचे निवृत्त अधीक्षक. शिक्षकांच्या पुस्तिकेत लिहिलंय की मुलांकडून कथेचे घटक काढून घ्यावेत: निवेदक कोण, स्थळ कोणतं, प्रतीक काय. शिवाय ‘नदी हे प्रगतीचं प्रतीक’ असं उत्तरही छापून दिलंय. मुलांनी डोकं चालवायला जागाच ठेवलेली नाही.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. नदी ओलांडताना ती मुलगी भावाला दगडांची नावं सांगते. आजीच्या गुडघ्यावर पाय दे, निजलेल्या वासराला उठवू नको. आत्या, हे मी ऐकलंय. बाबा शेवटच्या आजारात दवाखान्यात हेच पुटपुटत होते. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस की ताप डोक्यात गेलाय, आणि पलंगाचा पडदा ओढून घेतलास.

बाबांच्या तोंडचं या गृहस्थांच्या कथेत कसं आलं? आपण तर सखल भागातले, आजोबा नावाडी, असंच तू सांगत आलीस. वर्गात आम्ही अजून नदीपर्यंतच आलोय. पुढचं नंतर कळवीन.

उत्तर लगेच लिही. तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तो जरा कागदावरही उतरू दे.

तुझी,
खारूताई


ता. ११ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आशीर्वाद.

तुला हे नाव मी उगाच नाही ठेवलं. दाणा सापडला की पोखरल्याशिवाय तुला चैन पडत नाही. पाठ बरी आहे. मशीनचा पट्टा तुटला होता, तो काल बसवला. गणवेशांचा ढीग पडलाय आणि काजं करून करून बोटं बधिर झालीत.

अगं, नदी म्हटली की दगड आले, आणि दगड आले की पोरं त्यांना नावं देणारच. तापातल्या माणसाचं बोलणं कोणी धरून बसतं का? प्रगतीचं प्रतीक वाचून मात्र फार हसले. नदीवर लोक भांडी घासतात, कपडे धुतात आणि कधीमधी बुडतात. ज्याने ते उत्तर छापलं त्याला एकदा पुरात उभं करायला हवं.

एक विचारते, राग मानू नकोस. हे तुला आपणहून सुचलं की कोणी विचारायला सांगितलं? शाळेत कसली चौकशी चालू आहे का? एखादा फॉर्म आलाय का? आला असेल तर आजोबा नावाडी, एवढंच लिही आणि सही करून मोकळी हो.

आणि त्या पोरीला शेवटी नवं नाव मिळतं, ती हसते, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? गोष्ट ती गोष्ट. पुस्तक मला पाठवू नकोस, इथे ठेवायला जागा नाही.

जेवणखाण वेळेवर करत जा. माझी माया आहे तशीच आहे, तिची परीक्षा बघू नकोस.

तुझी,
आत्या


ता. १६ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी तुला फक्त नदीपर्यंतचं लिहिलं होतं. शेवटी मुलीला नवं नाव मिळतं आणि ती हसते, हे मी तुला कधी सांगितलं? पुस्तक शाळांमध्येच येऊन जेमतेम महिना झालाय आणि ते तू पाहिलेलं नाहीस.

आधी मला त्या लेखकाचा संशय होता. आता तुझा येतोय.

रविवारी मी बाबांची ट्रंक काढली. त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात कागद पातळ झालाय. खिडकीशी उजेडात धरला तर ब्लेडने खरवडलेलं स्पष्ट दिसतं. वर दुसऱ्या शाईने आपल्या गावाचं नाव लिहिलंय. त्यातला वळणदार र तुझा आहे. तुझी पत्रं मी लहानपणापासून वाचतेय.

आणखी एक. वर्गात ‘निवेदक कोण’ हा प्रश्न आला. मुलं म्हणाली, ती मुलगी. तेवढ्यात मागच्या बाकावरची एकजण म्हणाली की बाई, हे कुठल्या पुरुषाने लिहिलेलं वाटत नाही. तिने वाक्य दाखवलं: वसतिगृहाचा झगा अंगावर येतो तेव्हा ती मुलगी आधी शिवण उलटून बघते, कोणाचा उसवून केलाय ते. आत्या, नवा कपडा हातात आला की शिवण उलटून बघणारी मला जगात एकच बाई माहीत आहे.

पाच ऑगस्टला ते लेखक शाळेत येताहेत. सत्कार आहे, आणि त्यांची ओळख करून द्यायचं काम मुख्याध्यापिकांनी माझ्यावर टाकलंय. मी उभी राहून काय सांगू? आपण कोण आहोत, एवढं तरी सांग.

रागावलीस तरी चालेल, पण गप्प बसू नकोस.

तुझीच,
खारूताई


ता. २४ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आशीर्वाद.

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

आपण डोंगरातले. ती नदी आमची, ते दगड आमचे. आपल्या कुळात नावाडी कोणी झाला नाही, तुझ्या आजोबांना तर पाण्याची भीती वाटायची. मी अकरा वर्षांची आणि तुझा बाप सहाचा असताना आम्हाला खाली आणलं. वसतिगृहात आमची बोली तोंडातून निघाली की जेवणाच्या वेळी बाहेर उभं करायचे. मी चटकन शिकले. तो लहान होता, त्याच्या तोंडून शब्द निसटायचे. आधी खूप बडबडा होता तो. पुढे तो गप्प झाला, तो तुला माहीत आहे तसा. त्याला गप्प कसं केलं ते आज लिहिता येणार नाही.

अठराव्या वर्षी मी तिथेच शिवणकामाला लागले. तुझे हे लेखक, तेव्हाचे अधीक्षक साहेब, म्हणाले की तुझं अक्षर छान आहे, आठवणी लिहून काढ, मी सुधारून देतो. मी अकरा पानं लिहिली. वही त्यांनी ठेवून घेतली. पुढे बऱ्याच वर्षांनी एका गिऱ्हाईक बाईने ब्लाउजचं कापड मासिकाच्या पानात गुंडाळून आणलं. त्या पानावर माझी गोष्ट होती, त्यांच्या नावाने. शेवट मात्र माझा नव्हता. माझ्या गोष्टीत कोणीही हसत नाही.

दाखला मीच खरवडला. तुझ्या बापाला गोदीत काम मिळत होतं आणि डोंगरातली माणसं नकोत असं तिथल्या मुकादमाने तोंडावर सांगितलं होतं. नंतर जन्मभर तीच धास्ती. कोणी गोड बोलून गाव विचारलं की वाटायचं, आता हा खिशातून कागद काढणार. म्हणून तुझाही संशय आला. पोटच्या पोरीसारखी वाढवली तुला, आणि तुझाच. मला माफ कर.

आता ऐक. सत्काराच्या दिवशी चार चांगले शब्द बोल आणि खाली बस. तुझी नोकरी आहे. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे.

माझ्यावर रुसलीस तर समजेन.

तुझी,
आत्या


ता. ७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, हे आधीच सांगते.

साहेब आले. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत, स्वच्छ कपड्यांत. मी ओळख दोन वाक्यांत उरकली आणि मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. मागच्या बाकावरचीच ती मुलगी उठली. तिने विचारलं की दगडांची नावं त्या लोकांच्या बोलीत काय होती. साहेब म्हणाले की आता वयामुळे आठवत नाही. मी विचारलं, तुम्हाला ती सांगितली कोणी. ते म्हणाले, होती एक मुलगी, हुशार होती, नाव लक्षात नाही.

मी म्हणाले की ती माझी आत्या, आणि मीही त्याच लोकांपैकी आहे. माइक चालू होता. मुख्याध्यापिकांनी घाईघाईने आभार मानायला लावले.

खरी गोष्ट त्यानंतरची. जिन्यापाशी साहेबांनी मला गाठलं. तू जिवंत आहेस का, कशी आहेस, यातलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. आवाज खाली करून एवढंच विचारलं, की दुसरी एखादी वही तिच्याकडे आहे का. मला आणखी पुरावा नको होता.

माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं. काल एक सहकारी फार गोड आवाजात मला मूळ गाव विचारत होती. तू पत्रात लिहिलेला तो खिशातून कागद काढणारा माणूस मला लगेच दिसला. पण मी सांगितलं, आम्ही डोंगरातले.

आत्या, खुलाशात शेवट लिहायला हवा. तुझा शेवट. माझ्यावर विश्वास असेल तर पाठव.

तुझी,
खारूताई


ता. १३ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दुकान बंद केलं, चालत बाजारापर्यंत गेले आणि आले. तू नावानिशी उभी राहिलीस. मला पन्नास वर्षांत जमलं नाही ते.

दुसरी वही नाही. त्यांना निर्धास्त झोपू दे, किंवा नको, वही नाही हे कळवूच नकोस. शनिवारी मी येते. मुख्याध्यापिका बोलल्या तर मी त्यांच्यासमोर बसेन. त्या मागच्या बाकावरच्या पोरीला आमच्या बोलीतलं काय विचारायचं ते विचारू दे, जेवढं उरलंय तेवढं सांगेन.

शेवट असा होता. साहेबांनी काढून टाकला तो हाच.

माझा भाऊ उपाशी राहू नये म्हणून त्याला गप्प मी केलं. आमच्या बोलीतला एखादा शब्द त्याच्या तोंडातून निसटला की मी टेबलाखालून त्याच्या मांडीला चिमटा काढायचे. तीन महिने चिमटे काढले. मांडी काळीनिळी झाली होती. तो रडायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. एका दुपारी मी चिमटा काढला आणि तो त्यांच्या भाषेत, स्वच्छ उच्चारात म्हणाला, दुखतंय. हा त्याचा नव्या भाषेतला पहिला शब्द.

मी त्याला शाबास म्हणाले.

हे कळल्यावरही माझ्यावर लोभ उरला, तर ठेव.

तुझी,
आत्या