रिकामी केलेली जागा

२ मार्च

आज मुलाकडे कायमचा राहायला आलो. सगळं सुखरूप पार पडलं. वाटेत फक्त दोनदा वाटलं की जुन्या घरातला गॅस चालूच राहिला. मुलगा म्हणाला, बाबा, ते घर आता दुसऱ्याचं आहे, पेटलं तर तो बघून घेईल. सगळे हसलो. मला खिडकीची खोली दिली आहे. सून म्हणाली, छान ऊन येतं, पाय शेकत बसा. नातीने पलंगावर उड्या मारून तो पास केला.

हिचा कॉम्प्युटर मी मांडीवर धरून आणला, डिकीत ठेवू दिला नाही. ही गेल्यापासून माझ्याजवळ तेवढंच आहे. शेवटच्या आजारपणात हिने त्यात स्वतःचं बोलणं भरून ठेवलं. स्वेटर कसल्या पाण्यात धुवायचा, कोणत्या गोळीवर काय खायचं नाही, पाहुण्यांसमोर बनियनवर यायचं नाही. मधेच थांबून विचारते, अहो, ऐकलंत का? मागून माझा घाईघाईचा आवाज येतो, हो हो. रोज दुपारी ऐकतो. त्या जागी आता तोंडातून आपोआप हो निघतं.

५ मार्च

मुलगा नातीच्या नाचाचा व्हिडिओ हिच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवायला बसला. मशीन घेईना. जागा आहे, पण एवढी मोठी फाईल एका दमात घेणं या जुन्या पद्धतीच्या डिस्कला जमत नाही म्हणे. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो डिस्कला कान लावून बघतो. म्हणाला, डिस्क नव्या पद्धतीवर आणू, आतलं काही जाणार नाही.

मी शाळा सातवीत सोडली, पण हे मला लगेच कळलं. सगळी नोकरी गोदामात झाली. माल तोच, रॅक तेवढे नवे. जुन्या मांडणीत चिठ्ठीएवढी वस्तूही अख्खा खण अडवून बसते, नव्यात जागा वाया जात नाही. सून म्हणाली, आमच्याकडेही तसंच आहे, माणूस एक आणि खोली अख्खी. मीही हसलो. चेष्टाच होती ती.

डॉक्टरने जाताना बजावलं, एकदा नवी मांडणी झाली की जुनी परत येत नाही.

७ मार्च

अडलं. माल आत ठेवून रॅक बदलायचे तर हलवाहलवीला एक कोपरा मोकळा लागतो, आणि मशीन म्हणतं, नाचापुरती जागा आहे, त्यावर कोपरा नाही. मुलगा कामावर निघताना सांगून गेला, बाबा, आईचं ते स्वेटर-गोळ्यांचं पुराण काढून टाका, पाठ झालं असेल एव्हाना. नाहीतर संध्याकाळी मी काढतो.

तो यायच्या आत मीच बसलो. हिचं एक अक्षर काढलं नाही. माझं काढलं. गोदामाच्या पायरीवरचा फोटो, निरोप समारंभ, ओळखपत्राची प्रत, दवाखान्याचे कागद. माझं एकट्याचं जे जे होतं ते सगळं. मला माझं तोंड कशाला हवं, आरशात आहेच. मशीनने विचारलं, नक्की का? मी हो दाबलं.

कोपरा अगदी बेताचा झाला. ही असती तर म्हणाली असती, कधी नव्हे ते डोकं चालवलंत.

८ मार्च

दुपारी डॉक्टरने काम उरकलं. नातीचा नाच झटक्यात उतरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खोलीत येऊन हिचं बोलणं लावलं. सगळं जागच्या जागी आहे.

फक्त, अहो, ऐकलंत का, याच्या पुढचं हो हो माझं नाही. हे जाड, सावकाश आहे. घाई नसलेल्या माणसाचं.

डॉक्टरला फोन केला. म्हणाला, स्पीकर जुना झालाय आजोबा.

१० मार्च

फोटो पाहिले. हिच्या शेजारी एक उंच, चांगला दिसणारा म्हातारा आहे. लग्नाच्या फोटोत तोच, तरुण. त्याचा हात हिच्या खांद्यावर. मी कधी असा हात ठेवला नव्हता, लाज वाटायची.

आणि ही हसते आहे. इतकी मोकळी हसलेली मी हिला कधीच पाहिली नाही.

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, बाबा आहेत ना हे, आणखी कोण? बोलताना तो फोटोकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

१२ मार्च

हिच्या बोलण्यात आता स्वेटर नाही, गोळ्या नाहीत. ते दोघं गप्पा मारतात. आज तिने त्याला सांगितलं, आधी घरात कुणी नसल्यासारखंच असायचं हो. एवढी वर्षं भिंतीशीच बोलत होते.

तो काहीतरी बोलला. ती खुदकन हसली.

मी मशीन बंद केलं. गप्पा चालूच —

१३ मार्च

संध्याकाळी बेल वाजली. तो आला. फोटोतलाच. नात आजोबा आजोबा करत त्याच्या गळ्यात पडली. सुनेने चहा टाकला. तो सरळ खिडकीच्या खोलीत गेला, पलंगावर बसून बूट काढले. माझ्या जागी. मी मोकळ्या केलेल्या जागी. माप तंतोतंत —

सुनेने मला अगदी नम्रपणे विचारलं, झालं का काका तुमचं काम? मग निघताय ना?

मुलाला म्हणालो, अरे मी तुझा बाप. तो म्हणाला, काका, चेष्टा पुरे, आत बाबा आराम करतायत.

१४ मार्च

सामानाच्या खोलीत आहे. सून केरसुणी घ्यायला आली. माझ्या पायावरून घेतली. दिसलो नाही. ओरडलो तरी —

खिशात ओळखपत्र नाही. काढलं होतं. मीच काढलं.

आरशात —

१५ मार्च

डॉक्टर आलाय. भिंतीपलीकडे ऐकू येतं. सांगतो, मांडणी बदलली की मागे एखादा तुकडा उरतो, कशाचाच नसलेला. उगाच जागा अडवतो. शेवटी साफ करून टाकायचा.

हिचं बोलणं लावलंय. तो पलंगावर पडून ऐकतोय.

अहो, ऐकलंत का?

त्याच्या आधी मी म्हणालो. हो. छाती फुटेस्तोवर. हो हो.

ती थांबली. ऐकलं तिने! ऐकलं —

म्हणाली, हे मधेच कोण बोललं?

तो म्हणाला, कुणी नाही गं. तुकडा राहिलाय एक.

ती म्हणाली, मग काढा ना बाई तो. किती दिवस कुरकुर ऐकायची.

नात पडद्यावरचं मोठ्याने वाचतेय. नक्की का?

मुलगा म्हणतोय, दाब बाळा, तूच दाब. हो वर —

नको. बाळा, थांब. अगं मी तुझा