तोमासीने तो व्हॉल्व्ह उघडला नव्हता

मी, सेकोवे रातुलेवु, वय अडुसष्ट, धंदा शीतयंत्रांची दुरुस्ती, राहणार लौतोका, फिजी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुप्फुसे निकामी झाली आहेत. डोके शाबूत आहे. यापूर्वीचा कागद रद्द समजावा.

१. घराखालची जमीन आमच्या कुळाची आहे, ती मला देता येत नाही. वरचे पत्र्याचे घर, सामान व बँकेतली शिल्लक पत्नी वासिती हिला द्यावी. घर दर वादळात गळते. त्यावरून ती मला जे बोलत आली, ते सगळे खरे आहे.

२. व्हॅन व हत्यारे मुलगा आपिसाई याला. कॅप्टन जोसुआच्या बोटीचे काम त्याने कधीही घेऊ नये.

३. यंत्रातला जुना गॅस ओढून बाटलीत भरण्याचे मशीन सरकारी प्रशिक्षण वर्गाला द्यावे. ते अजून नव्यासारखे आहे, याची मला शरम वाटते. गॅस हवेत सोडायला बंदी आली, तेव्हा पर्यावरण खात्याच्या अधिकारी मेरेसेइनी बाईंनी शिकवले होते: हा गॅस वर जाऊन ओझोनचे कवच झिजवतो, पृथ्वी तापवतो, आणि बंदिस्त जागेत तळाशी बसून माणसाचा श्वास कोंडतो. वासही येत नाही. मी मागच्या बाकावर हसत होतो. परवाना मात्र घेतला.

४. हे कलम आपिसाईने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे.

बारा वर्षांपूर्वी जोसुआच्या बोटीवरच्या शीतयंत्राचा कॉम्प्रेसर बिघडला. वासितीचा धाकटा भाऊ तोमासी माझ्या हाताखाली होता. गॅस ओढायचे मशीन पाहून म्हणाला, "दाजी, हे धूड लावणार आहात, की नुसतं मिरवायला आणलंय?"

"आधी खाली जाऊन मासळीचा कप्पा धू, मग तोंड चालव."

दुरुस्तीआधी मशीनने गॅस ओढून घ्यायला तीन तास लागणार होते. जोसुआ ओरडला, "भरती काय तुझ्यासाठी थांबणार आहे? सोड तो गॅस, कोण बघतंय!"

इंजिनाशेजारचा व्हॉल्व्ह मी उघडला. तोमासी वर आला असेल असे धरून चाललो. एक हाक मारायची, तीही मारली नाही. गॅस फळ्यांच्या फटींतून कप्प्यात उतरला. तोमासी पालथा सापडला, हातात ब्रश तसाच.

चौकशीत मी सांगितले, व्हॉल्व्ह त्यानेच चुकून उघडला. जोसुआने मान डोलावली. तीच नोंद आजवर आहे. ती खोटी आहे. या कलमाची प्रत मेरेसेइनी बाईंना देऊन ती नोंद दुरुस्त करून घ्यावी.

५. पेटीत देवमाशाचा दात आहे. आमच्या रीतीप्रमाणे तो घेऊन माफी मागायला मी वासितीच्या माहेरी जायला हवे होते. आपिसाईने जावे. त्यांनी दात नाकारला, तर वाद न घालता परत यावे.

६. तोमासीच्या शेजारी माझ्यासाठी जागा राखलेली आहे. कलम चार ऐकल्यावरही वासिती हो म्हणाली, तरच मला तिथे पुरावे. तिला कोणीही आग्रह करू नये.

साक्षीला बोलावलेली नर्स अनालेसी हे वाचून म्हणाली, "काका, काकूंना तुम्हीच सांगा ना. बाहेर सुपाचा डबा घेऊन बसल्यात."

"उद्या सांगतो."

"कालही उद्याच म्हणालात."

खाली सही करतो.

सही: सेकोवे रातुलेवु
साक्षीदार: १. अनालेसी वुकी, नर्स  २. पाद्री एलियासेरी कोरोई
स्थळ: रुग्णालय, लौतोका
दिनांक: १४ ऑगस्ट २०२३