कॉपी धरणारा

सोमवार, ११ जानेवारी १९५४

कॉपी! नोकरीला लागून आठवडा झाला, हा एकच शब्द कानावर आदळतोय. बातमीदाराने खरडलेला कागद म्हणजे कॉपी. चौकात विकला जाणारा अंक, तोही कॉपी. कार्बनखालचा निळा कागद कॉपी. गेल्या गुरुवारी एक नगरसेवक पिऊन कालव्यात पडले, तर बातमीदार हात चोळत म्हणाला, "हा माणूस म्हणजे उत्तम कॉपी!" आणि मी ते खरडलेलं धरून मोठ्याने वाचतो, म्हणून मी कॉपीहोल्डर. शाळेत याच शब्दापायी सहा छड्या खाल्ल्या — उतरवलं होतं शेजारच्याने, माझं बघून! मागच्या पानावर या शब्दाच्या अर्थांची यादी करायला घेतली आहे.

या जागेसाठी अकरा जण आले होते. वाचून एकाकडूनही घेतलं नाही! मि. स्टॉटनी प्रत्येकाला हवामानाची जुनी बातमी अर्धं पान लिहायला लावली, बस्स. (स्टॉट म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे पुढारी. त्यांच्या युनियनला चॅपेल म्हणतात आणि पुढाऱ्याला फादर. तोंड मात्र चर्चमधलं नाही.) माझं नाक बारा महिने चोंदलेलं. तरी मलाच घेतलं. का, ते विचारायची हिंमत नाही.

गुरुवार, १४ जानेवारी

मी वाचतो, प्रूफरीडर मि. हॅस्लम छापलेल्या कच्च्या प्रतीवर, म्हणजे प्रूफावर, चुकांच्या खुणा करतात. मोठा एम मिसेस मोठा टी थ्रेलफॉल स्वल्पविराम — दिवसभर, पाढे म्हटल्यासारखं.

आज त्यांनी पेन चहात बुडवलं. "शाई हल्ली पाणचट येते," म्हणाले. मग दौत तोंडाकडे नेली. मी दौत काढून घेतली, कप हातात दिला.

त्यांच्या खुणा एक ओळ खाली पडतात.

बुधवार, २० जानेवारी

त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. "डोळ्यात काहीतरी गेलंय, पोरा. आजच्यापुरतं तू कर."

ते काहीतरी निघणारं नाही, हे मलाही कळतं. ईस्टरला ते निवृत्त होतात. त्याआधी काढून टाकलं तर पेन्शन नाही. घरी बायको दोन वर्षं अंथरुणात.

मी केल्या खुणा! चॅपेलचं कार्ड नसलेल्याने प्रूफाला पेन लावलं, तर अख्खा खालचा मजला काम टाकून उठतो. मागे एका उपसंपादकाने बोटाने एकच खिळा सरळ केला, तर दोन दिवस अंक निघाला नव्हता म्हणे. मी तर पान केलं. कळलं तर नोकरी गेलीच, वर हॅस्लमही जातील. त्यांच्यासारख्या खुणा काढायला सावकाश बसलो होतो, पण हात फारसा वळवावाच लागला नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

"आजच्यापुरतं"चा आज चौदावा दिवस. मासे-चिप्ससुद्धा उतरत नाहीत.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

मेलो. महापौरांच्या बायकोचं वय अठ्ठावन्न. मी अठ्ठावन्नच वाचलं, प्रूफात पंच्याऐंशी होतं. दाढ ठणकत होती, प्रूफावर पुन्हा नजर फिरवलीच नाही. अंक गावभर गेला. बाईंचा तीनदा फोन आला — आवाज मुळीच पंच्याऐंशीचा नव्हता.

मॅनेजर क्रॅबट्री खाली आला. उद्या स्वतः येऊन बघणार म्हणाला, हॅस्लमला दिसतं की नाही ते.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

क्रॅबट्री अकरा वाजता आला. आम्ही सकाळीच वाचून संपवलेलं पहिलं पान टेबलावरून हॅस्लमसमोर सरकवलं. "वाचा."

हॅस्लमनी तसंच उचललं. उलटं! स्टॉट मागे उभे होते. त्यांनी शांतपणे कागद फिरवून दिला. "साहेब, कागद उलटा दिलात तुम्ही. वर ऑफिसात तसाच वाचतात का?"

मग हॅस्लमनी वाचलं. एक अक्षर चुकलं नाही. माझ्याच सुरात, माझ्याच थांब्यांवर — सकाळी कानांनी टिपलेलं सगळं. गिरणीच्या संपाची बातमी, पूर्णविराम, नवा परिच्छेद, "थांबा, शिंक येते, माफ करा," मोठा डब्ल्यू.

"हे 'माफ करा' कुठे लिहिलंय?" क्रॅबट्रीने विचारलं.

"ते छापणार नाही," स्टॉट म्हणाले.

आणि पंच्याऐंशी? स्टॉटनी स्वतःच्या अंगावर घेतलं. हॅस्लमनी खूण केली होती, आमच्या माणसाने खिळे बदलले नाहीत. ते प्रूफ कुठाय? त्यावर चहा सांडला.

क्रॅबट्री गेला. मी धीर करून स्टॉटना जिन्यात गाठलं आणि सगळं कबूल केलं — खुणा माझ्या, महिनाभर. "उद्या ये," एवढंच.

रात्रभर झोप येणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो.

शनिवार, २० फेब्रुवारी

स्टॉटनी खिशातून दोन कागद काढले. एक हॅस्लमच्या खुणांचं प्रूफ, दहा वर्षांपूर्वीचं. दुसरा माझा, हवामानाचा. शेजारी शेजारी ठेवले. माझं कुठलं, हे मलाच चटकन सांगता येईना.

"अकरा जणांची अक्षरं लावून बघितली आम्ही, लेका," म्हणाले. "ईस्टरपर्यंत दाढ सांभाळ."

नाकाबद्दल कोणी का विचारलं नाही, ते कळलं.