भोंग्याची बॅटरी

प्रिय दादा,
जयभीम.

आत्ताच जळकोटहून आले. घरी न जाता विहाराच्या ओट्यावर बसून तुला लिहिते आहे. आज जे कळलं ते मायला सांगता येत नाही, आणि पोटात ठेवून घरात पाऊलही टाकवत नाही.

तू गेलास तेव्हा आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, आता लातूर जिल्ह्यात आलो. गावात पेढे वाटले! पाणी मात्र अजून टँकरनंच येतं. तो वेशीपाशी थांबतो, आणि आपल्या वस्तीला कळेपर्यंत तळाचा गाळ उरतो.

तू होतास तेव्हा असं व्हायचं नाही. जयंतीपुरता बाहेर निघणारा भोंगा तू विहारावर बांधलास. टँकर दिसला की तुझा आवाज, "बायांनो, घागरी घ्या!" लाईट असो नसो, तुझी बॅटरी तयार असायची. दुष्काळ नव्हता तेव्हाही तू तिला सायकलला बांधून जळकोटला चार्जिंगला न्यायचास. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला कोण एवढं जपतं रे?

"नुसती पडून ऱ्हायली की मरती ती," म्हणायचास. आणि तिला घेऊन जाताना, भर उन्हात, रस्त्यात तूच पडलास, तो पुन्हा उठलाच नाहीस. ऊन उतरेपर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं? अजून राग येतो मला तुझा.

लोकांनी बॅटरी घरी आणून दिली. मायनं ती तुझ्या खाटेखाली फळीवर ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही. मग एकदा शेजारची धुरपतामावशी टँकर गाठू शकली नाही, रिकामी घागर मांडीवर घेऊन वेशीतच रडत बसली. तेव्हा कुठं माय म्हणाली, "ने बाई. त्येचा भोंगा वाजू दे." गेल्या आठवड्यात रिकाम्या परतणाऱ्या टँकरमधूनच मी बॅटरी जळकोटला नेऊन दिली.

आज आणायला गेले तर चार्जिंगवाले चाचा माझ्याकडं बघेनात.

"बेटी, पडून पडून प्लेटा पांढऱ्या पडल्या असत्या, तर हळूहळू चार्जिंग लावून उठवली असती मी. लई लावून बघितलं. पन ह्यात बोअरचं खारं पानी कुनी वतलं? तुझा भाऊ बाटलीतलं बॅटरीचं पानीच घालायचा. पार मेली ही."

कुणी ओतलं, हे मला लगेच कळलं. तू बुचं उघडून पाणी घालायचास, ते माय बघायची. तुझ्यामागं तीही घालत राहिली. माठातलं, टँकरनं बोअरवरून आणलेलं, स्वतःच्या वाटणीचं! तांब्या घेऊन खाटेखाली वाकताना मी तिला पाहिलं होतं. वाटलं, फडकं भिजवून पुसत असेल. दादा, तिचे ओठ फुटलेत रे! आणि ती तुझ्या बॅटरीला पाणी पाजत होती!

कसं सांगू तिला, की तिच्याच हातानं मेली म्हणून?

नाही सांगणार. बॅटरी जुनी झाली होती, एवढंच सांगेन. उद्यापासून वेशीत मी उभी राहीन आणि टँकर दिसला की ओरडेन. शाळा बुडेल. तू चिडशील, चीड.

बॅटरी पुन्हा तुझ्या खाटेखाली ठेवते. माय तिला पाणी घालणारच, आणि मी अडवणार नाही. पण वचन देते दादा, ते पाणी माझ्या वाटणीचं असेल. तिच्या वाटणीचं मी तिला समोर बसवून पाजीन.

तुझी,
सुमन