एकतीस पुड्या

१४ नोव्हेंबर २०१७, गव्हाणखेड

पोचले एकदाची. खामगावहून दीड तास एसटी, पुढे काळीपिवळी. मांडीवर बर्फाचा निळा डबा धरून बसले होते, त्यामुळे फाट्यावर उतरताच दोन पोरी कुल्फी मागत मागे लागल्या. खरं काय ते सांगितलं असतं तर पळाल्या असत्या. या डब्यातून मी गावकऱ्यांची विष्ठा पुण्याला पाठवणार आहे.

खोली सुगराबींकडे मिळाली. पासष्टीच्या असतील, एकट्या राहतात, रजया भरून देतात. घरभर कापसाचे तंतू तरंगत असतात, चहातही पडतात. आल्या आल्या गरम भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. इतकं शिकून हेच काम मिळालं का, असं फार हळुवारपणे विचारलं. मी हसत सुटले. नाशिकला आईही अगदी हेच विचारते.

१७ नोव्हेंबर

सत्यभामाबाई इथल्या आशा कार्यकर्ती. त्यांच्यासोबत घरोघरी झाकणाच्या डब्या वाटते, सकाळी भरून घेते. गावानं माझं नावच ‘डबीवाली म्याडम’ ठेवलंय.

उकंडराव गावंडे यांच्या ओट्यावर नीट समजावून सांगावं लागलं. आतड्यात लाखो जिवाणू राहतात. बहुतेक गरीब, काही घातकी. सूक्ष्मदर्शकातून सगळे सारखेच दिसतात. म्हणून पुण्याला त्यांची जनुकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची; मग कळतं, विष कोणाजवळ आहे आणि ते आलं कुठून. म्हातारा लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, “म्हंजे तुमी जंतूचा सातबारा काढून राह्यल्या.” इतकं सोपं मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

मग त्यांनी मला शेतात नेलं. नात छकुली, पाच वर्षांची, माझं बोट धरून. कपाशी वरून हिरवीगार. उकंडरावांनी एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी, कापूस सडलेला. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. बियाणं बीटी आहे, अळी खाईल तर मरेल, असं सांगून दिलं होतं म्हणे. छकुलीनं अळी काडीवर घेऊन मला दाखवली.

२१ नोव्हेंबर

उकंडरावांनी परवा उभ्या कपाशीत मेंढ्या सोडल्या. काऊन सोडल्या, असं कोणी विचारतही नाही. आजूबाजूच्या चार वावरांत तेच चाललंय. दीडशे मेंढ्या हिरव्या पानांवर तुटून पडल्यात. सुगराबी दारातून पाहत होत्या. यंदा रजयांना कापूस कुठून आणू, एवढंच म्हणाल्या.

काल दुपारी अवकाळी पाऊस झाला, तासभर, जोरात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, म्हणून निम्मं गाव उकंडरावांच्या विहिरीवर भरतं. तिचा कठडा एका बाजूनं ढासळलाय. वावरातलं पाणी लेंड्यांसकट सरळ आत गेलं. मी फोटो काढला. पाणी उकळून प्या, असं चार घरी सांगितलं. रोज एवढं जळण कुठून आणायचं, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर

सात घरांत जुलाब. आधी पोटात पीळ, मग पाण्यासारखे, मग रक्त. ताप जवळजवळ नाही. हे जरा विचित्र वाटलं, पण विचार करायला उसंत नव्हती. छकुली सकाळपासून अकरा वेळा गेली.

उपकेंद्रात डॉक्टर नाही, जागा रिकामी आहे. कपाटात अँटिबायोटिकचा खोका होता. सत्यभामाबाई म्हणाल्या, आधी मीठ-साखरेचं पाणी देऊ, गोळ्यांचं कोणा डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. तासभर फोन लावत होतो. शेवटी मीच म्हटलं, द्या. जिवाणूंचा अभ्यास केलेली मी. रक्त आहे म्हणजे जिवाणू, जिवाणू आहे म्हणजे औषध.

स्वतः कागदाच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं. एकतीस झाल्या. सगळ्यांचे नमुने घेऊन गाडीनं पुण्याला रवाना केले. तातडीनं वाचा, असं तिथल्या प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांना कळवलं.

२८ नोव्हेंबर

छकुली उठून बसली! जुलाब थांबले. भाताची पेज प्याली, माझ्या डब्यांची उतरंड रचून पाडली. तिच्या आजीनं, सोजराबाईंनी, माझी दृष्ट काढली. बाकीच्या घरांतही उतार आहे. चार दिवसांनी आज मी पोटभर जेवले.

३० नोव्हेंबर

छकुलीला कालपासून लघवी नाही.

सोजराबाईंना वाटलं, जुलाबात पाणी गेलंय, होईल. सकाळी मी पाहिलं. चेहरा सुजलेला, ओठ पांढरे, पायांवर बारीक लाल ठिपके. मांडीवर घेतलं तर नेहमीपेक्षा जड लागली. अकोल्याला न्यायला गाडी केली. गाडीत चढवताना ती मला म्हणाली, “म्याडम, मले झोप येऊन राह्यली.”

सत्यभामाबाईंनी बाकीची घरं पाहिली. आणखी चार पोरं तशीच. चारही बरी झालेली होती.

१ डिसेंबर

पुण्याहून अहवाल आला. फाट्यावर उभी राहून मोबाईलवर वाचला. तीनदा वाचला.

जिवाणू साधाच, पोटात राहणाऱ्या जातीचा. मेंढीच्या, गाईच्या आतड्यात गुमान राहतो. पण याच्या जनुकांत दुसऱ्याचीच जनुकं घुसलेली. जिवाणूच्या आत एक विषाणू झोपून आहे आणि विष त्या विषाणूच्या ताब्यात. जिवाणूवर संकट आलं की विषाणू जागा होतो, त्याला फोडून बाहेर पडतो आणि विष रक्तात सुटतं. तिथून मूत्रपिंडात.

संकट म्हणजे काय, तेही सरांनी लिहिलंय. आपण कोणती गोळी दिली ते विचारलंय. सरकारी उपकेंद्रांत असते त्या एका गोळीनं हा विषाणू जागा होतो, हे त्यांनी काचेच्या नळीत करून पाहिलं. विष कित्येक पटीनं वाढलं.

तीच दिली, असं मी कळवलं.

१ डिसेंबर, दुपार

सगळ्या घरी गेले. पुड्या परत द्या म्हटलं. कोणी देईना. ज्यांच्या संपल्या त्यांनी कागद दाखवले. उरल्या त्यांनी लपवल्या. कचरू इंगळे दारात आडवा उभा राहिला. त्याच्या पुडीतल्या गोळ्या उरल्या होत्या आणि बायकोला आज सकाळीच लागण झाली आहे. तो म्हणाला, “सायब लोकाईच्या पोराईसाठी नेता का गोळ्या? आमच्या टायमाले काऊन परत मांगता?” मी हात जोडले. जनुक, विषाणू, जे येईल ते बोलत सुटले. त्यानं माझ्यासमोर गोळी फोडली, बायकोच्या तोंडात घातली, वरून पाणी पाजलं.

विहिरीचं पाणी.

२ डिसेंबर

छकुली गेली. सकाळी दहाला.

उकंडरावांनी ओट्यावर मला जागा करून दिली. शिव्या द्यायला हव्या होत्या. ते म्हणाले, म्याडम, तुमी लय केलं.

मी त्यांना सांगणार होते. तोंड उघडलं होतं. सोजराबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सांगितलं नाही.

३ डिसेंबर

विहिरीवर बोरीच्या काट्या टाकल्या. तासाभरात उचलल्या गेल्या. नळाला शुक्रवारपर्यंत पाणी नाही, लोक तरी काय करतील.

सरांना फोन. ते म्हणाले, वर कळवलंय, पत्र जायला दोन दिवस लागतील. तालुक्याला फोन. तिथले साहेब म्हणाले, पुण्याच्या प्रयोगशाळेवर आमचं औषध ठरत नाही. ताप नाही, म्हणजे ही नेहमीची हगवण नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांनी फोन ठेवला.

आणखी दोन पोरांची लघवी बंद. कचरूच्या बायकोचीही.

दुपारपासून माझ्या पोटात पीळ —

४ डिसेंबर

रक्त. नऊ वेळा.

मला माहीत आहे आत काय चाललंय. मला ओळ न् ओळ माहीत आहे. कुठे चिकटतो, कोणत्या जनुकानं. विषाणू अजून झोपलेला आहे. झोपू द्यायचा. फक्त पाणी, मीठ, साखर. गोळी नाही. सुगराबींना चारदा सांगितलं. त्या हो हो म्हणतात. रडतात.

सत्यभामाबाई अकोल्यात, पोरांजवळ. फोनची बॅटरी संपली, वीज नाही.

५ डिसेंबर, सकाळ

भोंगा वाजतोय. तालुक्याचं पथक आलंय. शाळेजवळ. घरटी पाच माणसांच्या गोळ्या — आजारी असो नसो — सगळ्यांनी रांगेत —

सगळ्यांनी.

उठून दारापर्यंत गेले. उंबऱ्यात पडले. ओरडले वाटतं. रस्त्यानं बाया जात होत्या, एकीनं मला उचलून परत गादीवर ठेवलं. म्याडम, पडून ऱ्हा, आमी आणतो तुमच्या वाटच्या.

चिठ्ठी लिहिली — गोळी देऊ नका, विहीर बंद करा, पुण्याचा नंबर. सुगराबींच्या हातात दिली. डॉक्टरच्याच हातात द्या म्हटलं. त्यांनी शपथ घेतली. गेल्या.

नंतर

भोंगा चालूच. नावं घेतायत. इंगळे. गावंडे. शेख.

पडल्यानं हात सुजलाय, पेन नीट धरता —

सुगराबी आल्या. चिठ्ठी दिली म्हणतात. डॉक्टरनं वाचली. पोरगी तापात बडबडते, असं म्हणाला. मला ताप नाही. मला ताप नाही हेच तर —

त्या उशाशी बसल्या आहेत. माझं डोकं मांडीवर घेतलंय. त्यांना वाटतंय मी छकुलीसारखी — रडतायत, मान ढळते तशी सावरतात. “बेटी, माह्यासाठी एवढं आयक.” मी नाही म्हणते आहे. आवाज येतोय का माझा? एका हातात पेला. दुसरी मूठ उघडतायत, त्यात —