करोल बागेवरचे खांब

करोल बाग, दिल्ली
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय प्रफुल्लदादा,

सप्रेम जय भीम. वहिनींना आणि बाबांनाही सांग. दसऱ्याला तुम्ही सगळे दीक्षाभूमीवर जाऊन आलात, असं नागपूरच्या रमामावशीकडून कळलं. बाबा आता तुमच्या चिखलदऱ्याचा चढ न थांबता चढतात, हेही तिनंच सांगितलं. तुझा-माझा फोन बंद झाल्याला पावणेदोन वर्षं होतील, त्यामुळे तुझ्या घरची खबर मला नागपूरमार्गे येते.

मेसेज लिहायला घेतला होता, चारदा खोडला. म्हणून कागद. उन्नतीचा खोकला यंदा सप्टेंबरातच सुरू झाला. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्याचे दोन महिने दिल्लीबाहेर ठेवता आलं तर ठेवा. बाहेर म्हणजे मला तुझंच घर दिसतं. ते मागायलाच लिहिते आहे, पण आधी काल काय झालं ते ऐक.

ऑफिसात सध्या माझ्याकडे संगणकावरच्या पृथ्वीचं काम आहे. पडद्यावर अख्खा गोल असतो, माउसनं ढकलला की फिरतो. पॅसिफिक समोर आला की नुसतं पाणीच पाणी, जमीन कडेला कुठेतरी उरते. त्यावर वारा चढवता येतो, समुद्राचं तापमान चढवता येतं. आज कुठे रान पेटलंय तेही लाल ठिपक्यांत दिसतं. पंधरा वर्षं हे सगळं मी तक्त्यांत वाचत आले, दादा. एका गोलावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं काम सोडून बसून राहिले. आणि आपली हवा किती पातळ आहे म्हणून सांगू. कांद्याच्या वरच्या सालीएवढी. तेवढ्यात सगळ्यांनी श्वास घ्यायचा, राजस्थानची धूळ, पंजाबचा धूर, आपला स्वयंपाक, सगळं तेवढ्यातच.

दिल्लीत हवा मोजणारी चाळीसेक केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रावर एक खांब उभा करायचा, धूळ जितकी जास्त तितका खांब उंच, असं माझं काम. काल शनिवारची सुट्टी म्हणून उन्नती घरी होती, तिला शेजारी बसवून फाईल चढवली. दिल्ली कोरीच राहिली. शोधलं तर खांब सगळे उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात. आधी अक्षांश, मग रेखांश, असं बाबांनी लहानपणी घोकून घेतलेलं. हा गोल मागतो उलटं. अठ्ठावीस आणि सत्त्याहत्तरची अदलाबदल झाली आणि दिल्लीची धूळ बर्फात जाऊन पडली. ऑफिसातल्या विक्रांतला फोन करून सांगितलं, तर म्हणतो, "समता, यार, तू तर पांढऱ्या अस्वलांना पण खोकला लावलास."

आकडे फिरवले आणि खांब दिल्लीवर आले. गेल्या वर्षीच्या जुलैचे ठेंगणे होते. मी तारखा पुढे सरकवू लागले. दिवाळीपर्यंत ते इतके वाढले की पाहायला पृथ्वीपासून लांब जावं लागलं. माझेच आकडे, मीच तपासलेले, तरी पुन्हा पडताळून पाहिले. उन्नती विचारत होती, "मम्मी, अपना घर कुठे आहे?" मी जवळ नेलं. घर दिसेना, खांबांच्या आत गेलेलं. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे आपण याच्या अंदर राहतो."

मग मी वर्षाच्या सरासरीचं बटण दाबलं. पावसाळ्यानं हिवाळ्याला सांभाळून घेतलं आणि सगळे खांब बसले. उन्नती खूश झाली. "हेच ठेव ना मम्मी. यात डर नाही लगत."

दादा, हेच मी बाबांना दाखवलं होतं.

२०२३च्या दिवाळीत तू बाबांना न्यायला आलास. दोन जिने चढताना त्यांना तीनदा टेकावं लागत होतं. तू ओरडत होतास आणि मी आतून एक कागद आणून बाबांपुढे ठेवला. अख्ख्या शहराची वर्षाची सरासरी, आधीच्या वर्षापेक्षा थोडी कमी. बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, "समता त्याच कामात आहे. ती म्हणते तर ठीक असेल." तू बाबांचं तिकीट रद्द केलंस. जानेवारीत बाबा अकरा दिवस ऑक्सिजनवर होते, मग तू येऊन त्यांना नेलंस.

तुला वाटतं की मला समजलं नाही. तसं तू मावशीजवळ बोललास. मला समजलं होतं. त्याच टेबलावर करोल बागेचा नोव्हेंबरचा कागद होता, तो मी उपडा ठेवला. मानसची, उन्नतीच्या पप्पांची, बदली गुवाहाटीला झालेली. उन्नतीला पहाडगंजच्या शाळेतून आणायला बाबा होते, संध्याकाळी दार उघडायला बाबा होते. मला ते जायला नको होते. आकडा खोटा नव्हता, म्हणून इतके दिवस मी स्वतःला खोटारडी म्हटलं नाही. आज म्हणते. त्या दिवाळीत तू एकटा परत निघालास तेव्हा स्टेशनवर तुला "आकडे मी बघते, तू नाही" असं बोलले, त्याचीही लाज वाटते.

आता मागणं. डिसेंबर-जानेवारी उन्नतीला ठेवून घेशील का? शाळेशी बोलले आहे. मराठीत बरेच शब्द तिला येत नाहीत, वहिनींना सांग की हसू नका, ती रुसते. मी राहणार नाही, फक्त सोडायला येईन, आणि तू म्हणालास तर दारातूनच परत जाईन.

पण हो म्हणण्याआधी हे पत्र बाबांना वाचून दाखव. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून काही गाळशील. गाळू नकोस.

ज्या मुलीच्या शब्दावर बाबा दिल्लीत एक हिवाळा जास्त राहिले, ती,
समता